रिकामं परत करू नये

भवानीबाईंनी मोरीत ओतायला बाटलीचं बूच काढलं, वास घेतला आणि त्या थबकल्या.

"अहो, ह्यास सुंठ-वेलदोड्याचा वास येतो!"

मुकुंदरावांनी बाटली हिसकावून नाकाशी धरली. गुळाचं पानक! खोकल्याच्या औषधाचा मागमूस नाही.

काल मद्रासच्या कंपनीची तार आली होती. ते गोड औषध विकू नका, विकलेलं परत घ्या, पोरांचं मूत्र कोंडून जीव जातो आहे. मुकुंदरावांचं कुंभकोणमातलं दुकान वडिलांपासूनचं. ह्यांच्याकडे विष मिळतं, असं एकदा बाजारात झालं की कोण पायरी चढणार? झाकली मूठ सव्वा लाखाची! त्यांनी गिऱ्हाइकांना निरोप धाडला, लढाईमुळे काच मिळत नाही, बाटल्या परत द्या. गावातल्या बाटल्या औषधासकट आल्या. उरली होती गोविंदपुरमच्या मंगलाक्कांची एक. ती आत्ता गाडीवान मणीनं आणली, गळ्यापर्यंत भरलेली, आणि मुकुंदरावांनी हुश्श केलं होतं.

"मणी, ह्यातलं औषध कुठे आहे?"

"तुम्ही बाटली मागितलीत, सामी. मंगलाक्कांनी औषध घरच्या तोटीच्या गिंडीत ओतून घेतलं. म्हणाल्या, रिकामी कशी पाठवू?"

रिकामं भांडं परत करू नये, हे मुकुंदरावांनाही आईनंच शिकवलं होतं.

"गाडी वळव!"

विड्याच्या पानांच्या बैलगाड्या मेल्या वाट अडवून चालल्या होत्या. मुकुंदरावांनी बैलांना, मणीला आणि सगळ्यांत जास्त स्वतःला शिव्या घातल्या.

गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात संध्याकाळचं भजन चाललं होतं. समोरच्या ओसरीवर मंगलाक्का नातवाला मांडीवर आडवा घेऊन बसल्या होत्या. हातात पळी.

"थांबा अक्का! पाजूं नका!"

"कां रे मुकुंदा? आजच पोर पुन्हा खोकूं लागलं. ही पहिलीच पळी."

"औषध... जुनं झालं आहे."

जीभ अजून झाकली मूठ सोडीना.

"मग मुरलेलं म्हण की!" असं म्हणत अक्कांनी पळी पोराच्या ओठांना लावली.

"विष आहे त्यात!"

देवळातले टाळ थांबले. पळी ओसरीवर पडली. अक्का नातवाकडे नव्हे, गल्लीकडे पाहत होत्या. मुकुंदरावांनी गिंडीत डोकावलं. ती अर्धी होती.

"शेजारची पोरंही खोकत होती रे," अक्का पुटपुटल्या. "माझ्याच वाट्यांतून सकाळी दिलं सगळ्यांस."

मुकुंदराव गल्लीत उतरले. आपलं नाव घेऊन, दुकानाचं नाव घेऊन ते तमिळमध्ये ओरडू लागले. माझं औषध वाईट आहे, पाजू नका, परत आणा! एकेक दार उघडलं. बायका पितळी वाट्या घेऊन धावत आल्या. औषध मातीत ओतलं जाऊ लागलं. कुणी त्यांना तोंडावर शिव्या दिल्या, आणि त्यांनी मान खाली घालून त्या घेतल्या.

टोकाचं एक दार तेवढं बंद होतं. मुकुंदरावांनी कडी वाजवली, पुन्हा वाजवली.

परसातल्या विहिरीवरून आलेली एक तरुण बाई ओल्या हातांनी दार उघडून उभी राहिली. तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, सामी. सकाळपासून रडत होता, आत्ता कुठे निजला."

मग तिला आठवण झाली. तिनं कोनाड्यातून अक्कांची वाटी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. वाटी घासून लख्ख केलेली होती, आणि तीत साखर होती.