विदरस्टोनची पाटी

मी एक जुनी पितळी पाटी आहे. मित्रांनो, माझ्यावर एकच शब्द कोरला आहे, 'विदरस्टोन', आमच्या घराचे आडनाव. अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या मोटार कारखान्याच्या एका कारागिराने मला घडवले आणि घरासमोरच्या टपालपेटीवर ठोकले. त्याच्यामागे त्याचा मुलगा मला दर रविवारी घासून लख्ख करी. मी जरा शेफारलेच होते म्हणा ना!

२००२ साली शेजारी पुण्याचे विक्रम आणि वीणा राहायला आले. तोवर तो मुलगा, म्हणजे माझा मालक, म्हातारा आणि एकटा झाला होता. त्या दोघांची छोटी मुलगी उल्का, अजून वाचताही न येणारी, आली, की मला पुसता पुसता तो आमच्या घराण्यातल्या नामवंतांच्या गोष्टी सांगे. वादळातून जहाज आणणारा कप्तान, मुलींची शाळा काढणारी बाई, एकही सामना न जिंकलेला मुष्टियोद्धा! उल्काला सगळे तोंडपाठ. पण तिच्या लेखी ते काकांचे आजोबा, काकांची आत्या आणि काकांचे चुलते. वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारायची नाही, ही त्या घरची रीत, म्हणून माझा मालक त्या सगळ्यांचा 'काका'. मला ती फार गोड वाटे.

२००६ च्या हिवाळ्यात बर्फ काढणाऱ्या गाडीने पेटी मोडली. विक्रमने हौसेने नवी बसवली, नुसता घराचा नंबर लावून. "नंबर इज इनफ, काका," तो म्हणाला. त्याने मला वाचलेही नाही; मी गॅरेजात भिंतीकडे तोंड करून पडले.

पुढच्या जानेवारीत एका शनिवारी ॲम्ब्युलन्स काकांना घेऊन गेली. घरी परतताना विक्रम, वीणा आणि उल्काला ती जाताना दिसली, तशी तिघे धावत आमच्या दाराशी आली. वीणाने हॉस्पिटलला फोन लावला.

"विक्रम, लास्ट नेम विचारतायत रे! काय आहे त्यांचं?"

विक्रम उल्काकडे पाहू लागला.

"ही इज जस्ट काका, आई!" उल्का रडू लागली.

गॅरेजच्या दाराआड मी होते. जीव नुसता तुटत होता, पण पितळेला वाचा कुठली! तीन हॉस्पिटले झाली, तिन्हीकडे तोच प्रश्न. रविवार गेला. सोमवारी सरकारी सुट्टी, टपाल बंद. मंगळवारी पोस्टमनने काकांचे पत्र आणले, तेव्हा त्यावर नाव सापडले. काका आदल्या संध्याकाळीच गेले होते.

पुढे गॅरेज आवरताना वीणा विक्रमला हळूच म्हणाली, "नर्स सांगत होती, ते सारखे उल्काला बोलवा म्हणत होते. पण आपलं आडनाव त्यांना तरी कुठे माहीत होतं!"

मित्रांनो, काका जरूर म्हणा. पण एकदा जवळ बसून त्यांचे पूर्ण नाव विचारा, आणि तुमचेही सांगा.