शिट्टी ऐकून आम्ही हसलो होतो

माझ्या नवऱ्याचं नाव परशुराम. मी ते घेत नाही, पण तुम्हाला माणूस कळायला हवा म्हणून एकदाच घेतलं. यापुढे मी त्यांना 'आमचे ड्रायव्हर' म्हणेन. वाडीत सगळे तेच म्हणतात.

आमच्या ड्रायव्हरांनी जन्मभर एस.टी. चालवली. मालवण, कुडाळ, दोडामार्ग, सगळे रस्ते पाठ. दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांना न घासता त्यांनी पाणंदीतून गाडी काढलेली आहे, त्यामुळे जगातल्या बाकी ड्रायव्हरांकडे ते नापास पोरांकडे बघावं तसे बघतात. एरवी माणूस गरीब. आमटीत मीठ नसलं तरी मुकाट जेवतील. पण आमच्या गेटसमोर कोणी गाडी लावली की अंगात आल्यासारखे उठतात. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या कंडक्टरने गाडी मागे घेताना वाजवायची आपली शिट्टी त्यांना भेट दिली. त्या कंडक्टरला मी अजून मनातून शिव्या देते.

देवबागेकडे येणारा रस्ता तुम्ही पाहिला असेल. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे आम्ही. रस्ता रुंद होणार तरी कुठून? आमच्यासमोर लक्ष्मीचं घर. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी तीही आली, तेव्हापासून आमचं ताक, विरजण, सुखदुःख सगळं एकमेकींकडचं. तिचा नवरा गेला, मुलगा मंगेश याने घराच्या मागे खोल्या बांधून होमस्टे काढला आणि तिथून कटकट सुरू झाली. पाहुण्यांच्या दोन गाड्या त्याच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, मावत, उरलेल्या आमच्या गेटसमोर. सांगितलं की मंगेश हसून म्हणायचा, "काका, वायच वेळ. आता काढतत." तो वायच वेळ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाले. आमच्या ड्रायव्हरांना स्वतःची स्कूटर बाहेर काढायला गडग्यावरून उडी मारायची तेवढी बाकी होती.

भांडणं झाली, अबोला झाला. मी आणि लक्ष्मी मात्र मागच्या दाराने बोलत राहिलो.

मग आली देवदिवाळी. आमच्याकडे त्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवाकडे मागणं आणि तक्रारही. गुरव मोठ्याने बोलतो आणि जमलेली माणसं वाक्यावाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरतात. ज्याला वेगळं काही घालायचं असेल त्याने नारळ देऊन गुरवाच्या कानात सांगायचं. आमच्या ड्रायव्हरांनी नारळ दिला. भाई गुरवाने गावाची सुखशांती, गुराढोरांचं, होड्यांचं सगळं सांगून झाल्यावर घसा खाकरला आणि म्हणाला, "आणि म्हाराजा, जो कोण दुसऱ्याच्या दारात गाडी लावून वाट अडवता हा, तेच्या दारात गाडी येव नये, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणाले. सर्वांत मोठा आवाज मंगेशचा होता. त्याला वाटलं, हे पर्यटकांविषयी चाललंय. बाहेर आल्यावर कोणीतरी त्याला समजावलं तेव्हा तोही हसला. हसण्यासारखंच होतं ते, तेव्हा.

थंडीतली गोष्ट. लक्ष्मी मागच्या दाराने आली आणि कानाशी लागली. तिच्या मुलीला, संचिताला, बघायला रविवारी दोडामार्गाहून माणसं येणार होती. मुलगा ओमकार, कामाला गोव्यात. फोनवर दोघं बोलली होती आणि संचिताला तो आवडलाही होता. कुडाळच्या ऑफिसातून दमून येणारी ती पोर हल्ली गुणगुणत यायची, ते मी बघत होतेच.

"ठरापर्यंत कोणाक सांगा नको गो सत्या," लक्ष्मी म्हणाली. "आधी दोन स्थळा बोलान बोलानच मोडली. तुझ्या घोवाक तर अजिबात सांगा नको. तेंच्या तोंडाक दार नाय."

आमच्याकडे अशी गोष्ट पक्की होईस्तोवर झाकूनच ठेवतात. मी आमच्या ड्रायव्हरांना नाही सांगितलं. मैत्रिणीचा शब्द पाळला याचा मला अभिमानसुद्धा वाटला.

रविवारी दुपारी मी लक्ष्मीच्या स्वयंपाकघरात शिरा परतत होते. संचिता आरशासमोर साडीच्या निऱ्या तिसऱ्यांदा घालत होती. मंगेशचं खळं पाहुण्यांच्या गाड्यांनी भरलेलं. लक्ष्मीने सकाळीच त्याला सांगितलं होतं, एक गाडी हलव, पण ते मुंबईवाले बोटीत बसून डॉल्फिन बघायला गेले ते किल्ली घेऊनच.

आणि बाहेर शिट्टी वाजली. लांबलचक, मग तुटक तुटक.

"इला तुझ्या ड्रायव्हरांच्या अंगात," लक्ष्मी म्हणाली.

"कोणतरी गावलो तावडीत. आता तेका तिठ्यापर्यंत उलटो नेतले," मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो. निऱ्या हातात धरून संचिताही हसली.

मुलाकडचे पाहुणे आले नाहीत. शिरा गार झाला. अंधार पडता पडता मंगेशला फोन आला, मुलाच्या वडलांना वाटेत बरं वाटेना, परत फिरलो. पुढे चार दिवसांनी मध्यस्थाचा निरोप, योग नाही.

पण मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. घरी आले तर आमचे ड्रायव्हर पडवीत खुशीत बसलेले.

"आज एका गोंयच्या गाडीक पार तिठ्यापर्यंत पाठी नेलंय," ते म्हणाले. "सरळ आपल्या गेटसमोर लायल्यानी! इचारतत, मंगेशाचा घर ह्याच काय. मी म्हटलंय, मंगेशाक सांगा, आधी गाडयेक जागा कर, मगे पाव्हणे बोलव. आणि दारू पिवन समुद्रात बुडूक आमचोच गाव गावलो काय तुमका?"

"मगे?"

"मगे काय? पुढे बसललो म्हातारो लाल झालो. चलवणारो पोरगो उतराक बघी, तेका उतराकच दिलंय नाय. पाठी एक म्हातारी, मांडयेर अबोलीचो वळेसर घेवन बसलली. आता सांग, समुद्रार येताना वळेसर कित्या व्हयो?"

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. दोडामार्गातली कितीतरी माणसं रोज गोव्यात कामाला जातात, तिथेच गाड्या घेतात. नंबर गोव्याचा असणारच. तो गजरा संचितासाठी होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. खिशातली शिट्टी काढून त्यांनी देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली आणि न जेवता झोपले.

मी म्हटलं, सकाळी जाऊन सांगा. ते म्हणाले, सांगतंय. सकाळी म्हणाले, सांजेक सांगतंय. आणि खरं बोलायचं तर मीही रेटा लावला नाही. कारण तोवर वाडीने आपलं उत्तर शोधून ठेवलं होतं. कोणाला तरी गाऱ्हाण्याची आठवण झाली आणि विहिरीवर, दुकानात, सगळीकडे तेच सुरू झालं. दारात गाडी येव नये, असं मागितलं होतं ना? आली नाही. देवाने ऐकलं.

लक्ष्मीने तर, मुलाच्या पापाची शिक्षा लेकीला झाली, हे मनालाच लावून घेतलं. "माझ्याच झिलाचा पाप गो," ती माझ्या मागच्या पायरीवर बसून रडली. "शेजाऱ्याची वाट अडवल्यान, वर देवापुढे आपल्याच तोंडान व्हय म्हाराजा म्हटल्यान." तिने सोमवार धरले. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. जिभेवर आलेलं गिळलं. देवावर ढकललं की बरं असतं, देव काही उलट बोलत नाही.

मंगेश एका रात्रीत बदलला. मागच्या माडांमधली जागा सपाट करून त्याने सगळ्या गाड्या तिकडे नेल्या. आमच्या गेटसमोर दोरी बांधून ठेवली. मग आला आणि आमच्या ड्रायव्हरांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"काका, चुकलंय मी. तुमी किती येळा सांगितल्यात."

त्यांनी चटका बसल्यासारखे पाय मागे घेतले. "उठ रे, उठ," एवढंच म्हणाले. इतकी वर्षं ज्यासाठी जीव आटवला ते गेट आता दिवसभर मोकळं असायचं आणि त्यांना त्या बाजूला बघवत नसे. बाजारात जायचं तरी मागच्या पाणंदीने, चालत. स्कूटरवर धूळ बसली.

एकदा संचिता ऑफिसातून परस्पर माझ्याकडे आली. पर्स मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "काकी, खरा सांगा. माझ्यात काय खोट आसा? ओमकार फोन उचलणा नाय. आधी किती बोलायचो."

मी म्हटलं, चहा ठेवते. आत गेले आणि आधणाकडे बघत उभी राहिले. साखर दोनदा घातली. तिने तो चहा मुकाट प्यायला. त्या दिवसापासून मला माझंच तोंड आरशात बघायला नको वाटू लागलं.

शेवटी लक्ष्मीनेच उपाय काढला. गाऱ्हाणं ज्याने घातलं त्यानेच ते उचलायचं असतं. अबोला झाल्यापासून ती पहिल्यांदाच आमच्या पुढच्या दाराने आली, हात जोडून म्हणाली, "भावजी, माझ्या चेडवासाठी एवढा करा. सोमवारी देवळात येवा. नारळ मी आणतंय."

आमच्या ड्रायव्हरांनी मान हलवली. ती गेल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी अर्धी वाडी देवळात. भाई गुरवाने लक्ष्मीचा नारळ हातात धरला आणि सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान रागाच्या भरात जा काय तुझ्या कानार घातलेला..."

"व्हय म्हाराजा!"

"ता आज तो पाठी घेता हा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुया तेच्या बोलण्यावरसून ह्या चेडवाक जी शिक्षा दिलंस..."

"थांब, भाई," आमचे ड्रायव्हर म्हणाले.

भाई थांबला. त्यांचा आवाज एस.टी.च्या गर्दीत चालायचा तो, पण त्या दिवशी खाली बसला होता.

"देवाक मधी घालू नको. देवान काय एक करूक नाय. पाव्हणे इल्ले. मंगेशाचा घर इचारीत माझ्या गेटापर्यंत इल्ले. मी तेंका गोंयचे समाजलंय. नाय नाय ता बोललंय आणि शिट्टी मारीत तिठ्यापर्यंत घालवलंय." मग ते संचिताकडे वळले. "त्या म्हातारेच्या मांडयेर अबोलीचो वळेसर होतो, बाये. तुझ्यासाठी आणललो."

कोणीच 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही. मंगेशच्या मुठी आवळलेल्या मला दिसल्या. संचिताने एकच विचारलं, "ती शिट्टी?" आणि उत्तराची वाट न बघता खांबाला टेकून खाली बसली.

मला वाटलं, लक्ष्मी आता आमच्या ड्रायव्हरांना सोलून काढील. काढायलाच हवं होतं. पण ती त्यांच्याकडे वळलीच नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"सत्या," ती म्हणाली, "तुका कधी कळला?"

मला खोटं बोलता आलं असतं. आत्ताच, तुझ्याबरोबरच, असं म्हटलं असतं तर आमच्या ड्रायव्हरांनी मला उघडं पाडलं नसतं.

"त्याच सांजेक," मी म्हटलं.

तिने भाईच्या हातातला नारळ काढून घेतला, न फोडलेला तसाच पिशवीत घातला आणि पायऱ्या उतरून गेली. तिचा त्या दिवशीचा उपास होता, हे मला मागाहून आठवलं.

त्याच दुपारी आमचे ड्रायव्हर मंगेशपुढे जाऊन उभे राहिले. दोडामार्गाला जाऊन त्या माणसांचे पाय धरतो, पत्ता दे, म्हणाले. मंगेश पाठ फिरवून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर हॉर्न वाजला. आम्ही बाहेर आलो तर मंगेशची गाडी, आमच्या गेटला आडवी, पुरती वाट अडवून उभी. स्टिअरिंगवर संचिता. डोळे सुजलेले, केस घट्ट बांधलेले.

"बसा, काका," ती म्हणाली. "पत्तो माझ्याकडे आसा. ठरूदे नायतर मोडूदे, पण तेंका खरा कळाक व्हया."

आमचे ड्रायव्हर तिच्या बाजूला बसले. मी मागे. गाडी वळवताना तिने गडग्याला मागचा भाग घासला, चांगला करकर आवाज झाला, तरी ते एक अक्षर बोलले नाहीत.

लक्ष्मी तिच्या खळ्यात झाडू घेऊन उभी होती. मी काच खाली केली आणि नेहमीसारखा हात वर केला. तिने पाहिलं. मग वाकून ती पुढचं खळं झाडू लागली.