चालत्या गाडीचं कुलूप

विजयमालेनं गाडीची चावी योगेशच्या काउंटरवर आदळली.

"ते कुलूप काढ. त्याबिगर मी इथनं हलत न्हाई."

नगरच्या स्टेशन रोडवर योगेशचं छोटं दुकान. गाड्यांना टेप, पडदे, सीट कव्हर बसवून द्यायचं काम. त्यानं बाहेर नजर टाकली. विजयमालेची पांढरी गाडी अर्धी फुटपाथवर, अर्धी रस्त्यात उभी होती, मागून रिक्षावाले शिव्या घालत होते आणि डावीकडच्या सीटवर तिचे मालक भागवतराव पट्टा लावून गप बसले होते.

"कसलं कुलूप काकू?"

"आता येड पांघरू नको. गाडी हलली की पडदा मुका होतो ते."

पडदा योगेशनंच बसवला होता. त्यावर नकाशा दिसायचा, फोन लागायचा. गाडी उभी असली आणि हँडब्रेक ओढलेला असला की बोट लावाल ते उघडायचं. गाडी चालू लागली की त्याच पडद्यावर पाटी यायची, 'वाहन चालू असताना वापरता येणार नाही.' विजयमालेच्या मुलानं, चेतननं, पुण्याहून फोन करून तसं मुद्दाम करून घेतलं होतं. आई पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकलेली, वडलांना तिसगावाहून नगरला व्यायामाच्या डॉक्टरकडे आणते, करंजीचा घाट उतरते, तिचं लक्ष पडद्यात जायला नको. पोराचं चुकलं होतं असं नाही, आणि त्याचाच विजयमालेला जास्त राग होता. चुकलं असतं तर दोन शब्द सुनावून मोकळी झाली असती.

"नाही जमायचं," योगेश म्हणाला. "चेतनदादानं बजावलंय मला. आणि लोक पिक्चर बघत गाड्या हाणतात काकू! दिवाळीत एकाला काढून दिलं, त्यानं सरळ दुभाजकावर चढवली. तेव्हापासून कानाला खडा."

"मी कुठला पिक्चर बघतेय? समोरचा टेम्पो बघूनच माझ्या हातापायाला घाम सुटतो. पडदा मी न्हाई बघनार. हे बघनार."

"मग त्यांच्या हातात मोबाईल द्या की."

"उजवा हात गेलाय त्यांचा. डाव्यानं धरायचा का डाव्यानं दाबायचा? पायात पडतो, अन् वाकता येत न्हाई."

"मग गाडी बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा, निवांत दाबू द्या."

विजयमाला खुर्ची ओढून बसली. हे पोरगं वाईट नव्हतं, फक्त त्याला कळत नव्हतं.

"आरं, उभ्या आयुष्यात दूध संघाचा टँकर चालवलाय त्यांनी. उभ्या गाडीत त्यांना काय सुचत न्हाई. रस्ता दिसला, वळण आलं, की आपसूक हात उठतो. नकाशावर बोट ठेवतात, इकडनं घे, तिकडनं न्यायची न्हाई. तवर ती पाटी येती. मी गाडी बाजूला घेऊन ब्रेक ओढेस्तवर हात खाली गेलेला असतो. मग इचारलं तर 'हां'. त्या डबड्याला वाटतं गाडीत एकटा डायव्हरच असतो. शेजारी माणूस बसतो हे त्याला कुनी सांगायचं?"

तिनं योगेशचं मनगट धरलं आणि त्याला ओढतच गाडीपाशी नेलं. काच खाली केली.

"अहो, च्या घेता का?"

"हां," भागवतराव म्हणाले.

"ही गाडी भंगारात घालू का?"

"हां."

"मला घराबाहेर काढता का?"

"हां."

"जहर देऊ का तुमाला?"

"हां," भागवतराव म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांना सगळं कळत होतं. झटका येऊन गेल्यापासून जिभेवर हा एकच शब्द उरला होता, आणि तो त्यांना हवा तेव्हा नाही, त्याला हवा तेव्हा बाहेर पडायचा.

विजयमालेनं पदरानं त्यांचे डोळे पुसले. "माफ करा," ती हळूच म्हणाली. मग योगेशकडे वळली. "आख्ख्या तिसगावात ह्यांच्याइतका नन्नाचा पाढा कुनी म्हनला नसंल. आता लोक म्हनतात, भागवतराव लई शांत झाले, देवमाणूस झाले. मला देवमाणूस नको. मला माझा माणूस पायजे."

योगेशनं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. पडद्याच्या मागे हात घालून एक बारीक वायर ओढली, तोडली, दुसरीकडे जोडली, वर टेप गुंडाळली. एवढंच काम.

"आता याला वाटणार, हँडब्रेक कायम ओढलेलाच आहे," तो म्हणाला. "पण तुम्ही पडद्याकडे बघायचं नाही हां. बघितलंत तर मी चेतनदादाला सांगेन."

"तू कशाला? मीच सांगनार हाय त्याला. चोरी केली का काय आपन?"

चौकात आल्यावर भिंगारकडे, घराकडे वळायचं सोडून तिनं गाडी सावेडीच्या दिशेनं घातली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मनमाड रोडला लागल्यावर ती म्हणाली,

"अहो, बेलापूरला चाललोय. काकासाहेबाकडं."

"हां," भागवतराव म्हणाले.

काकासाहेब तिचा धाकटा भाऊ. त्याच्या मुलाच्या लग्नात माईकवर नावं पुकारून मानकऱ्यांना फेटे बांधले. सरपंच झाले, कारखान्याचे संचालक झाले, लांबचे पाहुणेही झाले, आणि घरच्या जावयाचं नाव तेवढं राहिलं. भागवतराव ताटावरून उठले. त्यानंतर विजयमालेनं माहेरचा उंबरा पाहिला नव्हता. भावाला नातू झाला, तो चालायला लागला, सगळं तिनं फोनवर पाहिलं. जायचं नाव काढलं की भागवतराव म्हणायचे, "न्हाई म्हंजे न्हाई."

झटका आल्यापासून तिला केव्हाही जाता आलं असतं. अडवणारं कोण होतं? पण त्या 'हां'वर जायचं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या खिशात हात घालण्यासारखं वाटायचं. तिचा पाय निघत नव्हता.

विळद घाट जवळ आला तसा डावा हात उठलेला तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. पट्ट्याला ताण देत भागवतराव पडद्याकडे वळले. टक, टक बोटाचा आवाज आला. तिनं नजर हलवली नाही. पुढे उसाची ट्रॉली चालली होती, तिच्यामागे ती गाडी रेटत राहिली.

"तिसगावसाठी पाचशे मीटरवर यू-टर्न घ्या," पडद्यातली बाई बोलली.

विजयमालेनं नवऱ्याला विचारलं,

"काय म्हनलात?"

टक. टक. टक.

"यू-टर्न घ्या."

"न्हाई घेत!" ती ओरडली. "एका फेट्यापायी माझं माहेर तोडलं तुमी! इतकी वर्सं मी गप बसले. आता गाडी माझ्या हातात हाय!"

"हां! हां!" भागवतराव खेकसले. शब्द तोच, पण आवाज थेट टँकरवाल्याचा. मान लाल झाली होती, बोट पडद्यावर नुसतं आपटत होतं. बाई बिचारी सांगून सांगून दमली, यू-टर्न घ्या, यू-टर्न घ्या, आणि राहुरीपर्यंत विजयमाला तिच्याशी नवऱ्याशी भांडावं तशी भांडली. भांडता भांडता तिला हसू फुटलं, हसता हसता रडू आलं. हात सोडता येईना म्हणून तिनं खांद्यालाच डोळे पुसले. किती दिवसांनी घरचं कुणीतरी तिला अडवत होतं!

बेलापुरात काकासाहेबाच्या दारात गाडी थांबली तेव्हा तो पायात चप्पल न घालताच धावत आला. खिडकीतूनच विजयमालेच्या गळ्यात पडला, मग तसाच पलीकडे जाऊन खिडकीशी उभा राहिला. त्यानं हात जोडले.

"दाजी, तुमी आलात! झालं गेलं इसरलात ना?"

"हां," भागवतराव म्हणाले.

काकासाहेबाला हुंदका आवरेना. "ऐकलं का अक्का? दाजी इसरले! आरं पोरांनो, फेटा आना आतून!"

दारात सून उभी होती, तिच्या कडेवर नातू. विजयमालेनं त्याच्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं. आता फक्त गप राहायचं होतं. एवढं केलं असतं की माहेर परत तिचं झालं असतं.

"न्हाई इसरले," ती म्हणाली.

काकासाहेबाचे जोडलेले हात खाली आले.

"तो शब्द धरू नको त्यांचा. तो त्यांचा न्हाई. विळद घाटापासून हे मला माघारी फिर म्हनतायत. आलेय ती मी आलेय, माझ्या हट्टानं. त्यांचा राग हाय तसाच हाय." तिनं भावाकडे बोट केलं. "तू आधी माफी माग. फेटा मागनं."

भागवतरावांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं, आणि बराच वेळ ते तसेच पाहत राहिले.

काकासाहेब खाली वाकला, त्याचं डोकं खिडकीच्या काठाला टेकलं. "चुकलं माझं, दाजी," तो म्हणाला. "यादी मीच केल्ती. घरचा मानूस म्हनून धरूनच चाललो." मग नाक पुसत त्यानं दाराची कडी धरली. "अक्का, गाडी बंद कर. उतरवून घेतो त्यांना. किती ताटकळत ठेवायचं?"

विजयमालेनं हँडब्रेक ओढला. इंजिन मात्र चालूच ठेवलं, पडदा उजळलेलाच राहिला.

"थांब जरा," ती म्हणाली. "उतरायचं का न्हाई ते हे सांगतील."