लोणीवाल्याच्या दुकानातला घास

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझी बायको आवडीचा घास घेताना डोळे मिटते हे मला परवा कळलं. आणि कुठे कळलं? दुसऱ्याच्या दुकानात!

मी मैद्याची ऑर्डर द्यायला निघालो होतो. आमच्या बेकरीपासून दोन गल्ल्या पलीकडे एक लोण्याचं दुकान निघालंय. नुसतं लोणी, दुसरं काही नाही. उघडलं तेव्हाच मी म्हणालो होतो, हा गडी काही वर्ष काढत नाही. तर त्या दुकानाच्या काचेतून मला आमच्या हिची हिरवी पिशवी दिसली, आणि पिशवीबरोबर ही स्वतः. ओट्यापलीकडे लोणीवाला उभा. पांढरा एप्रन, नीट कातरलेली दाढी, हातात बोथट सुरी. त्याने काहीतरी पुढे केलं, हिने ते तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. मिटले आणि उघडले, असं नाही हां. मिटले, मान जराशी मागे गेली, आणि बाईसाहेब तशाच उभ्या. तो बाबाही गप्प, गालातल्या गालात हसत.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अहो, मी बेकरीवाला आहे. माझ्या पावासाठी लोक सकाळी तोंड न धुता रांगेत उभे राहतात. आणि माझ्या पावावर या बाईने कधी साधी पापणी खाली घेतली नव्हती. खायची, पाणी प्यायची, ताट उचलायची. मला वाटायचं तिचा स्वभावच तसा. काही बायका नसतात बोलून दाखवणाऱ्या. आता कळलं, स्वभाव बिवभाव काही नाही. डोळे मिटता येतात, पण दुसरीकडे.

मैद्याची ऑर्डर द्यायची राहूनच गेली.

दुपारी घरी गेलो तर ही तव्यावर पाव परतत होती. आमच्या घरी पाव असतो तो कालचा. ही माझ्या वडिलांपासूनची शिस्त. ताजा माल गल्ल्यावर, उरेल तो घरी. वडील तर ताज्या पावाकडे गेलेल्या हातावर फटका मारायचे. मी काही फटके मारत नाही, पण शिस्त तीच ठेवली. नवं नवं लग्न झालं होतं तेव्हा ही एकदा भट्टीपाशी येऊन म्हणाली होती, "एक गरम द्या ना." मी म्हणालो, "गिऱ्हाईक उभं आहे." हसली आणि गेली. परत कधी मागितला नाही. समजूतदार आहे, तेवढं मात्र मी कुणालाही सांगेन.

तर ओट्यावर कागदात गुंडाळलेली लोण्याची वडी होती.

"हे कुठून?" मी विचारलं. आवाज जमेल तितका साधा ठेवला.

"त्या नव्या दुकानातलं. अहो, लोणी निवडायचं कसं माहितीये तुम्हाला? आपण आपलं दिसेल ते उचलतो."

झालं. शिकवणी सुरू. तिने कागद उलगडला. आधी वास घ्यायचा म्हणे, दुधाचा वास आला पाहिजे, फ्रिजचा नाही. मग सुरी दाबायची. पाण्याचे थेंब वर आले तर लोणी नीट मळलेलं नाही. कापल्यावर आतबाहेर रंग एकच हवा. बाहेरून गडद आणि आतून फिकं असलं तर ते उघडं पडून राहिलेलं. फार पिवळंधमक असलं तरी भुलायचं नाही. आणि जिभेवर ठेवलं की आपणहून विरघळायला हवं, टाळूला चिकटून बसता कामा नये.

"लोणीवाले म्हणाले, घाईच्या माणसाला लोणी कळत नाही."

"हो का? आणखी काय काय म्हणाले लोणीवाले?"

"म्हणाले, कांद्याशेजारी ठेवू नका, वास ओढून घेतं."

खरं सांगतो, सगळं बरोबर होतं. मीही रोज लोण्यात हात घालतो, मला काय कळत नाही? पण तिने मला कधी विचारलं? नाही! घरचा माणूस बसलाय, आणि ही बाहेर शिकवण्या लावतेय.

तिने परतलेल्या पावावर ते लोणी लावलं. मी पाणी पिण्याचं निमित्त करून भांड्याच्या वरून तिच्याकडे बघत राहिलो. घास घेतला. चावला. डोळे टक्क उघडे. नळ गळतोय का ते बघत होती.

म्हणजे लोणी तेच. तीच बाई, तेच तोंड. तिथे डोळे मिटतात आणि इथे मिटत नाहीत. मग फरक कशाचा उरला? माणसाचा! मला दुसरं काही दिसेना. रात्रभर मी या कुशीवरून त्या कुशीवर.

दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली. बाजारात जाऊन एक सोडून तीन प्रकारचं लोणी आणलं. एक मिठाचं, एक बिनमिठाचं, एक कुठल्याशा डोंगरातल्या गाईंचं, निदान डब्यावर गाय तरी होती. तिन्ही बशीत मांडली आणि म्हणालो, "घे. तूच सांग कुठलं चांगलं."

ती बघतच राहिली. "आज काय आहे?"

"काही नाही. खावंसं वाटलं."

तिने एकेकाचा वास घेतला, सुरी दाबली. मिठाचं बाजूला केलं, म्हणाली मिठाखाली जुनेपणा लपतो. गाईचं चाखलं आणि म्हणाली, "हे छान आहे हो." लावलं पावावर. मी श्वास रोखला. तिने घास घेतला आणि डोळे उघडे ठेवून म्हणाली, "पण इतकं कशाला आणलंत? कोण खाणार?"

बेकरीत माझी मेहुणी गल्ला सांभाळते. हिची धाकटी बहीण. हात चलाख आणि जीभ त्याहून चलाख. मी भट्टीवर आत असतो, पुढे काय चालतं ते मला नुसतं ऐकू येतं, दिसत नाही. दोन दिवस मी पिठावर राग काढतोय हे तिच्या लक्षात आलं.

"भावजी, त्या पिठाने काय घोडं मारलंय तुमचं?"

"तुझी बहीण रोज कुठे जाते?"

"लोणीवाल्याकडे. का?"

रोज! मी एकदाच पाहिलं होतं, आणि हे रोजचं निघालं.

"रोज लोणी लागतं आपल्याला?"

"तिलाच विचारा की." मग तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "अगंबाई! भावजी, तुमचा तर जळून कोळसा झालाय!"

"कोळसा बिळसा काही नाही."

"मग जाऊन बघा ना. लोणी मिळतं तिथे, बंदूक नाही." आणि फिदीफिदी हसत गल्ल्यावर गेली. मला हसू येण्यासारखं त्यात काही दिसलं नाही.

गेलो. एप्रन काढून, तोंड धुऊन, चांगला शर्ट घालून गेलो. ठरवून टाकलं होतं, आधी गिऱ्हाईक म्हणून बोलायचं, मग बोलता बोलता विषय काढायचा आणि मग काय ते स्पष्ट विचारायचं. नवरा आहे मी, चोर नाही. दुकानात तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. ओटा लखलखीत, एकही माशी नाही, याचाही मला राग आला.

"या, या," लोणीवाला म्हणाला. "लोणी बघायचंय?"

"चांगलं असेल तर."

"ते तुम्हीच ठरवा." त्याने तीन वड्या काढल्या, प्रत्येकीची कड कापून मला रंग दाखवला. सुरी दाबून दाखवली, एक थेंब वर आला नाही. बोलण्यात सगळी अदब. काही म्हणजे काही खोट काढता येईना. मग त्याने ओट्याखालून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, त्यातून एक पातळ काप कापला, त्यावर मधल्या वडीचं लोणी लावलं आणि पुढे केलं.

"नुसतं खाऊन कळत नाही," तो म्हणाला. "कशावर खातो त्यावर असतं."

मी तोंडात टाकलं. काप अजून कोमट होता. लोणी त्याच्यात अर्धं उतरलं होतं आणि अर्धं वर होतं. आधी कड कुरकुरली, मग आतला मऊ भाग आला, मग दुधाचा गोडवा, आणि मागून थोडीशी आंबूस चव. मी काय करायला आलो होतो ते मला एकदम आठवेना. डोळे उघडल्यावर मला कळलं, मी ते मिटले होते.

लोणीवाला गालातल्या गालात हसत होता. अगदी तसंच.

"पाव कुठला हा?" मी विचारलं. जगात मी दुसरं काहीही विचारू शकलो असतो.

तो चकित झाला. "थट्टा करताय का? तुमचाच की! सकाळच्या शेवटच्या भट्टीतला. तुमची मेहुणी माझ्यासाठी एक बाजूला ठेवते. मी तर म्हणतो, माझं लोणी चांगलं आहेच, पण अर्धं दुकान तुमच्या पावावर चालतं."

ती आंबूस चव माझ्या पिठाची होती. रोज रात्री मी ते भिजवतो, रोज पहाटे मळतो, आणि जिभेवर आल्यावर मला ओळखता आलं नाही. ओळखणार कसा? मीही जन्मभर कालचाच खात आलो.

"तुमच्या घरच्या रोज येतात," तो सांगत होता. "पाव कोमट असतो तोवर येतात, नेमाने. वडी घेतात कधीतरी, पण एक काप खातातच. मी एकदा म्हणालोही त्यांना, ताई, तुमच्या घरी असला पाव रोजचाच असणार."

"मग काय म्हणाली?"

"काही नाही. हसल्या."

मला ते हसू माहीत होतं. भट्टीपाशी हसली होती तेच. मी त्याच्याकडून मधली वडी घेतली आणि बाहेर पडलो.

बेकरीत आलो तर मेहुणी वाटच बघत होती. "काय भावजी, झालं भांडण?"

"तुला माहीत होतं."

"हो. ताईने शपथ घातली होती, सांगू नकोस म्हणून." आता ती हसत नव्हती. "त्यांची शिस्त आहे म्हणाली, आपण कशाला मोडायची."

मी आत गेलो आणि पिठासमोर उभा राहिलो. हेवा गेला असेल असं वाटेल तुम्हाला. छे! उलट वाढला. आधी एका दाढीवाल्याचा हेवा वाटत होता, आता रांगेतल्या एकूण एक माणसाचा वाटायला लागला. त्या तिरसट पेन्शनर म्हाताऱ्याचा, जो रोज पाव दाबून बघतो. त्या शाळेच्या शिपायाचा, कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा. सगळ्यांनी माझ्या हातचं गरम खाल्लं. हिच्यासाठी मी काय ठेवलं, तर रात्री उरेल ते, आणि न उरलं त्या दिवशी तेही नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली भट्टी निघाली. बाहेर रांग होती, आवाज ऐकू येत होता. मी सगळ्यात चांगला फुगलेला पाव उचलला, फडक्यात गुंडाळला आणि मागच्या दाराने निघालो.

"भावजी! माल?" मेहुणी ओरडली.

"येतो!"

ही केस विंचरत होती. मला त्या वेळी घरी बघून घाबरलीच. "काय झालं? हात भाजला?"

"बस," मी म्हणालो.

गरम पाव लगेच कापू नये, आत चिकट राहतो, हे मी सगळ्या जगाला सांगतो. त्यामुळे आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना बसून राहिलो, मध्ये पाव. तिने फडक्यावर तळहात ठेवला. मग मी काप कापला, लोण्याची वडी काढली आणि लावलं. जाड लावलं. तिच्यापुढे धरलं.

तिने घास घेतला. मी बघत होतो. डोळे उघडे. ती घास चावत होती आणि दाराकडे बघत होती, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग पुन्हा दाराकडे.

"आवडलं नाही?"

तिने कसाबसा घास गिळला.

"गिऱ्हाईक उभं असेल," ती म्हणाली.

मी उठलो आणि दाराला आतून कडी घातली. परत येऊन तिच्यासमोर बसलो. तिने कडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उरलेला काप दोन्ही हातांत धरून पुन्हा तोंडाला लावला.