दमाच्या नूडल्स

टाइल्स बघायला म्हणून कमाल चीनला गेला आणि येताना सूप घेऊन आला. म्हणजे बॅगेतून नव्हे, बॅगेत टाइल्सचेच नमुने होते. सूप त्याच्या तोंडात होतं. फोशानला कारखान्यामागच्या गल्लीत एका मुसलमान आचाऱ्याच्या हॉटेलात त्याने बड्याच्या मटणाचं तिखटजाळ सूप खाल्लं होतं, आत हाताने ताणलेल्या नूडल्स, वर लाल तेलाचा तवंग. तेव्हापासून बहारीनच्या माहूज भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कुठल्याच पदार्थाची धडगत राहिली नाही. बायकोने, आतिकाने, सुरमई तळली तर "तिकडे एवढं तेल नाही वापरत," आणि साधी डाळ वाढली तर "तिकडे वाडगे मोठे असतात." जन्म खेड तालुक्यातला, नोकरी बहारीनमधली, पण तिकडे म्हणजे चीन.

आतिका ऐकून घ्यायची. आठ महिन्यांचा खिजर कडेवर असला की बाईला तसंही अर्धंच ऐकू येतं.

तिला स्वतःला एकच गोष्ट हवी होती. बंद दार. तेही रोज नाही, एका शुक्रवारी सकाळी. लग्नाआधी ती चिपळूणला औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट होती. आता पुण्याची एक कंपनी घरबसल्या काम देत होती. औषध घेतल्यावर कुणाला काय त्रास झाला त्याचे रिपोर्ट वाचायचे आणि तो त्रास औषधाचाच की आणखी कशाचा, हे शोधून काढायचं. आतिकाला हे काम फार हवं होतं. दिवसभर 'दुदू' आणि 'भुर्र' बोलून तिला कधी कधी भीती वाटायची, की एके काळी झोपेत विचारली तरी सांगता यायची ती औषधांची नावं एकेक करून डोक्यातून बाहेर चालली आहेत, आणि जाताना दारही लावून घेत नाहीत. पहिली मुलाखत खिजरच्या रडण्यात वाहून गेली होती. पुण्याच्या पूर्णिमा मॅडम भल्या, त्या म्हणाल्या, "शांत वेळ बघून परत बोलू. पण आता शेवटचंच हं, मला जागा भरायच्यात."

शांत वेळ म्हणजे शुक्रवार. तिकडे पुण्यात कामाचा वार, इकडे कमालला सुट्टी.

"शुक्रवारी सकाळी खिजरला घ्याल ना तुम्ही?" तिने विचारलं.

"अगो, घेईन म्हणजे काय? स्वयंपाकसुद्धा मीच करतो. तू किचनकडे फिरकूच नको. मफी मुश्किल, काही अडचण नाही." आणि त्याच श्वासात त्याने मित्राला, अर्शदला फोन लावला. "जुम्म्यानंतर थेट आमच्याकडे. नुसरतभाभीला पण आण. अस्सल चायनीज सूप खायला घालतो. हो, मी स्वतः."

बायकोने दार मागितलं, नवऱ्याने दावत दिली. देणाऱ्याचा हात एवढा मोठा असला की घेणारीने तक्रार तरी काय करायची.

शुक्रवार उजाडला. कमालने कमरेला टॉवेल खोचला, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि त्यातल्या चिनी बाईच्या हुकमाने कामाला लागला. कुकर बाहेर काढलेला बघून तो दुखावला. "कुकर? पोटरीचं मटण आहे हे, मंद आचेवर तासन्‌तास शिजलं पाहिजे. कुकर लावायला ही काय तुझी रोजची भाजी आहे?" रोजची भाजी करणारीने कुकर परत फळीवर ठेवला.

मटण आधी एका पातेल्यात उकळून फेस काढला, मग दुसऱ्यात धुतलं, तिसऱ्यात परतलं. चौथ्यात काय चाललं होतं ते चिनी बाईलाच ठाऊक. चायनीज दुकानातून त्याने आंबवलेल्या लाल मिरचीच्या वाटणाची बरणी आणली होती आणि एक पुडी, जिच्यातले दाणे चावले की जीभ बधिर होते. पुडी त्याने आतिकाच्या नाकाखाली धरली. "घे वास. असं काही आपल्याकडे जन्मात बघितलं नसशील."

"तिरफळासारखा वास येतोय," ती म्हणाली.

"तिरफळ?" कमालने पुडी मिटली. "तिरफळ कुठे नि हे कुठे."

चिनी बाईने मटणात दारू ओतली तेव्हा मात्र क्षणभर पेच पडला. कमाल विचारात पडला, फ्रिज उघडला, आणि रमजानपासून उरलेली व्हिम्टो सरबताची बाटली काढून त्याने निर्धाराने पातेल्यात उपडी केली. रंग जुळत होता. रंग जुळला की काम झालं, हे तो टाइल्सच्या धंद्यात शिकला होता.

खेडहून कमालच्या अम्मीचा व्हॉइस मेसेज आला. "कमाल रे, तू चुलीपुढे उभा हायस असं अर्शदची आई सांगत होती. आतिका आजारी हाय काय?" आतिकाने तो दोनदा ऐकला, खिजरला कमालच्या हातात दिलं, बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. कडी घातली नाही. घातली असती तर बरं झालं असतं, पण घरातल्या घरात नवऱ्यावर कडी घालायची म्हणजे फारच वाटतं.

पूर्णिमा मॅडमना आधीची मीटिंग लांबली म्हणून यायला उशीर झाला. शेवटी त्या पडद्यावर दिसल्या, चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट. पहिले प्रश्न सोपे होते. आतिका बोलायला लागली आणि तिचं तिलाच नवल वाटलं, कारण औषधांची नावं कुठेही गेली नव्हती. नुसती हाक मारायचा अवकाश, मुकाट्याने एकामागून एक येत होती.

दार उघडलं. कमाल कुजबुजला. कमालची कुजबुज तळमजल्यावरच्या वॉचमनला ऐकू जाते.

"बादियान म्हणजे कुठलं गो? दालचिनी ती का?"

आतिकाने लॅपटॉपचा माइक बंद केला. "चांदणीसारखं असतं ते. वरचा डबा."

"बोल तू, बोल. मी डिस्टर्ब नाही करत."

तो गेला. पूर्णिमा मॅडमनी न ऐकल्यासारखं केलं. पुढचा प्रश्न अर्ध्यावर असताना दार पुन्हा उघडलं, आणि या खेपेला त्याच्या हातात खिजर होता. "हा तुझं नाव घेतोय." खिजरला अजून कुणाचंच नाव घेता येत नव्हतं. पण नाकापर्यंत आलेले अश्रू आणि आईकडे टाकलेले दोन्ही हात बघून आतिकाचा हात आपोआप पुढे झाला. तिने त्याला मांडीवर घेतलं, ओढणीखाली, कॅमेऱ्याच्या चौकटीच्या जरा खाली. त्याच्या केसांना जिऱ्याचा, तेलाचा आणि व्हिम्टोचा वास येत होता. तो पिऊ लागला, तिचं बोट मुठीत धरून, जसं काही बोट सुटलं तर मुलाखत त्याचीच जाणार होती.

"छोटे सरकार?" पूर्णिमा मॅडमनी विचारलं.

"हो मॅडम. सॉरी."

"सॉरी कशाला. आता मी एक केस पाठवते. पंधरावीस मिनिटं नीट वाचा, मग मी परत येते. त्याच्यावरच ठरणार आहे सगळं, म्हणून जरा शांतपणे."

केस पडद्यावर आली. साठ वर्षांची बाई, रक्तदाबाची गोळी, पायांना सूज. आतिकाने पहिली ओळ वाचली. बाहेर अजान झाली. दार उघडलं.

कमाल आता अंघोळ करून पांढऱ्या कुर्त्यात होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं तेज होतं. "ऐक. मटण असं शिजलंय की बोटाने तुटतंय. जाता जाता नूडल्सपण सूपात सोडून जातो. गॅस बंद, वर झाकण, झाकणावर टॉवेल, त्याच्यावर खलबत्ता. अम्मीच्या बिर्याणीसारखा दम. नमाजावरून आलो की सरळ वाढायचं. चिनी लोकांच्या डोक्यात नाही आलं हे. काय?"

आतिकाने वर बघितलं.

तिला माहीत होतं. गरम सूपात झाकून ठेवलेल्या नूडल्स मशिदीतला खुतबा आणि नमाज होईतो थांबत नाहीत, सूप पीत राहतात. बिर्याणीचा तांदूळ दम घेतो, नूडल्स जीव घेतात. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण लग्नाला तीन वर्षं झाल्यावर बाईला आपल्या घरातल्या एका वाक्याची लांबी कळते. वाक्य झालं की "मग कधी टाकायच्या?" मग "वेगळ्या उकळायच्या? कशात? पातेली सगळी अडकलीत." मग "मला उशीर होतोय, तूच बघ ना जरा, पाच मिनिटांचं तर काम आहे." आणि मग खिजर एका हातावर, झारा दुसऱ्या हातात, पुण्याहून मॅडम 'हॅलो, हॅलो' करतायत, आणि टेबलावर अर्शद म्हणतोय, वा कमाल, काय हात आहे.

रक्तदाबाची बाई पडद्यावर सुजलेले पाय घेऊन वाट बघत होती.

"टाका," आतिका म्हणाली.

"दम बरोबर ना?"

"तुम्ही ठरवलंय तर बरोबरच असणार."

तो खूश होऊन गेला. किचनमधून नूडल्स पडल्याचा आवाज आला, झाकण बसल्याचा, त्यावर खलबत्त्याचा. मग बाहेरचं दार लागलं आणि घर असं शांत झालं की तिला खिजरचे घोट ऐकू यायला लागले. मनात थोडं टोचलं. टोचलेल्या जागेवर तिने खिजरचं डोकं ठेवलं आणि केस वाचून काढली.

पूर्णिमा मॅडम परतल्या तेव्हा तिने आधी उत्तर दिलंच नाही. उलट विचारलं, सूज गोळी सुरू केल्यावर आली की आधीपासून होती, हे कुणी विचारलंय का? आणि गुडघेदुखीसाठी ही बाई दुकानातून परस्पर काही गोळ्या आणून घेत होती का? रिपोर्टमध्ये दुखऱ्या गुडघ्याचा उल्लेख होता, गोळीचा नव्हता. चिपळूणच्या काउंटरवर उभं राहून तिने अशा कितीतरी आज्या बघितल्या होत्या. त्या डॉक्टरला सगळं सांगायच्या, फक्त शेजारणीने दिलेलं औषध सोडून. पूर्णिमा मॅडम लिहीत राहिल्या. आणखी दोन प्रश्न विचारले. खिजर झोपला, तोंड उघडं, ओठांवर दुधाचा थेंब.

"सोमवारपासून ट्रेनिंग आहे," मॅडम म्हणाल्या. "सोमवार ते शुक्रवार. जमेल ना?"

"जमेल," आतिका म्हणाली आणि लॅपटॉप बंद करून काही वेळ नुसती त्या थेंबाकडे बघत बसली.

पुरुष जुम्म्यावरून आले, नुसरत वाटेत गाडीत बसली होती. टेबल मांडलं होतं, मोठे वाडगे, खास चायनीज दुकानातून आणलेले. कमालने पातेलं मधोमध ठेवलं, खलबत्ता उतरवला, टॉवेल उतरवला, "बिस्मिल्ला," म्हणाला आणि झाकण काढलं.

सूप नव्हतं. एक थेंब नव्हता. आत एक लालसर, तकतकीत, फुगलेला डोंगर होता. कमालने पळी घातली. पळी उभी राहिली.

सगळे बघत होते. अर्शद भला माणूस, त्याने वाकून वास घेतला. "हरीस केलास का रे?"

इथल्या लोकांचा तो गहू-मटणाचा घोटलेला हरीस कमालला कधी आवडला नव्हता. पण बुडत्याला हरीसचा आधार. "हां," तो म्हणाला. "म्हणजे तसाच प्रकार. तिकडचा हरीस."

"तिकडे हरीस करतात?"

"आतल्या भागात करतात."

त्याने सुरी मागवली आणि प्रत्येकाच्या मोठ्या वाडग्यात एकेक वडी ठेवली. अर्शदने दोन घास खाल्ले आणि पाण्याचा ग्लास संपवला. नुसरत ओठ चाचपत म्हणाली, "मला माझं तोंड जाणवत नाहीये. आहे ना जागेवर?"

"तोच तर मसाला आहे, भाभी," कमाल म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता, पण आवाज अजून यजमानाचा. "आज सगळं एकट्याने केलं. आतिकाला म्हटलं, तू बस निवांत."

"मग तू काय केलंस गो?" नुसरतने विचारलं.

"मुलाखत दिली. नोकरी लागली. सोमवारपासून."

नुसरतने टेबलाखालून तिचा हात दाबला. अर्शद "माशाल्ला भाभी" म्हणाला. कमालही हसला, मनापासून हसला, त्याला आनंद झाला होता यात शंका नाही. मग हसता हसता तो मध्येच थांबला. पळीकडे बघितलं, वडीकडे बघितलं, आतिकाकडे बघितलं.

"तुला ठाऊक होतं," तो म्हणाला. "नूडल्सचं."

"हो."

"मग बोलली का नाहीस? दारात उभा राहून विचारलं मी तुला."

"बोलले असते तर मलाच शिजवाव्या लागल्या असत्या."

अर्शद एकाएकी खूप मन लावून खायला लागला. कमालने तोंड उघडलं. काहीतरी मोठं येणार होतं, येतच होतं, तेवढ्यात आत खिजर उठला आणि रडायला लागला. टेबलावरच्या तिघांनी सवयीने आतिकाकडे बघितलं. आतिकाने आपल्या वाडग्यातला एक मटणाचा तुकडा नूडल्सच्या गुंत्यातून सोडवायला घेतला.

रडणं वाढलं. आतिका तुकडा सोडवत राहिली. तिची छाती भरून आली होती, दोन्ही अर्थांनी, आणि पाय खुर्चीच्या दांड्याला घट्ट अडकवलेले होते.

"कोण बघतंय त्याला?" कमालने विचारलं.

 अखेर त्याचीच खुर्ची सरकली. बेडरूमचं दार उघडलं, रडणं एकदम मोठं झालं, मग कुणीतरी कुणालातरी उचलल्यावर होतं तसं तुटक झालं.

आतिकाने तुकडा तोंडात टाकला. मटण मात्र सुरेख शिजलं होतं. तसं तिने नुसरतला सांगितलंही, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.