पृष्ठे ११३ ते १२०

धाकटीने जाडजूड खंड तिसऱ्यांदा उघडला आणि दोन पानांच्या मधल्या घडीत नख घालून पाहिलं. डावीकडे एकशे बारा, उजवीकडे एकशे एकवीस. पानं फाडल्याची खूण नव्हती, शिलाई जशीच्या तशी होती, आणि अनुक्रमणिकेतही त्या आठ पानांचा पत्ता नव्हता.

संस्थेच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं तिचं काम एकच होतं. कोणत्या संशोधकाने काय छापलं, कोणाबरोबर छापलं आणि पुढे किती जणांनी ते आधाराला घेतलं, हे मोजायचं. मूळ छापील पान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'पाहिले' हा शिक्का मारायचा नाही, हा तिचा नेम. शिक्क्याखाली ती आपली आद्याक्षरं करी. लोक पाठीमागे तिला मोजणीदारीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि खरं तर आवडतही होतं.

आजची यादी तिच्या थोरल्या बहिणीची होती. हे काम जाणणारं संस्थेत दुसरं कोणी नव्हतं, म्हणून नात्याकडे सगळ्यांनी काणाडोळा केला होता. ताई घरांमधल्या ओलीचा अभ्यास करी. विभागप्रमुखाच्या जागेसाठी एच-इंडेक्स वीस लागे, म्हणजे असे वीस निबंध, की ज्यांतल्या प्रत्येकाचा आधार वीस वेळा तरी घेतला गेला आहे. ताईचे मोजून वीस भरत होते. विसावा हाच, या खंडात नसलेल्या आठ पानांवरचा, 'रिकाम्या खोल्यांतील श्वासजन्य ओल', एक्केचाळीस जणांनी आधाराला घेतलेला. हा गळला, की ताईची जागा गेली. यादी चार वाजेपर्यंत द्यायची होती.

आठ दिवसांपूर्वी धाकटीने त्या एक्केचाळीस जणांना लिहून विचारलं होतं, हा निबंध आपण कुठे वाचलात? बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. काहींनी कबूल केलं की वाचला नव्हता, दुसऱ्याच्या संदर्भयादीतून उचलला होता. यात नवल काही नव्हतं. या विद्वानांत एकाने पृष्ठांक चुकवला की पुढचे दहा जण तीच चूक इमानाने उतरवून घेतात, मेंढरं परवडली. आज सकाळी मात्र एका परक्या संशोधकाचं उत्तर आलं होतं. 'प्रत तुमच्याच ग्रंथालयाने तीन वर्षांपूर्वी पाठवली. एक पान जोडत आहे.' ते पान तिने अजून उघडलं नव्हतं. एकटीने उघडायचा धीर होत नव्हता.

दुपारी ताई आली. चष्मा कपाळावर, हातात डबा.

"झालं का गं?"

"ताई, हा निबंध तू कधी लिहिलास?"

ताईने चष्मा खाली ओढून शीर्षक वाचलं.

"मी नाही लिहिला."

"मग तुझ्या यादीत कसा?"

"लोकांच्या याद्यांत दिसायला लागला. आडनाव आपलं, आद्याक्षर माझं. म्हटलं, लिहिला असेन नि विसरले असेन. मग मीही एकदा त्याचा आधार घेतला."

एरवी धाकटी खो-खो हसली असती. तिने संगणकाचा पडदा ताईकडे वळवला आणि जोडलेलं पान उघडलं.

पृष्ठ ११६. एक तक्ता. मागची खोली, दहा बाय आठ, खाट एक, खिडकी पूर्वेला. राहणारे, कोणी नाही. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या नोंदी, एकही दिवस न चुकवता. शेवटच्या रकान्यात एकेक शेरा होता. 'मिठाला पाणी सुटलं.' 'सर्द.' 'आज जास्त सर्द, श्वास आहे.' पहिली नोंद आई गेली त्याच्या पुढच्या महिन्यातली होती. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. टेबलावरचा खंड छापून एकोणीस.

पानाच्या माथ्यावर लेखिकेचं पूर्ण नाव होतं. ताईचं आणि त्या नावाचं आद्याक्षर एकच.

"आई," ताई म्हणाली.

पानाच्या तळाशी शिक्का होता, 'पाहिले', आणि खाली आद्याक्षरं. धाकटीने ती ओळखली. स्वतःचं अक्षर ओळखायला कोणाची साक्ष लागत नाही. असं पान तिने आयुष्यात हातात घेतलं नव्हतं.

ताई शांतपणे खुर्ची ओढून बसली. "माझ्या प्रबंधाच्या वेळी मी वसतिगृहात होते. सहा वर्षं घरच्या नोंदी आईने ठेवल्या. बशीत मीठ ठेवायची, सकाळ-संध्याकाळ बघायची. दमट, सर्द, ओलं, या तीन पायऱ्या तिच्याच. त्यांच्यावर माझं नाव झालं."

"तू आभार मानले होतेस ना?"

"घरच्यांचे, असं एका ओळीत." ताई पडद्याकडे पाहत राहिली. "तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं."



"हा काढ माझ्या यादीतून," ताई म्हणाली. "आता आधीचा वाच."

"एकोणीस राहतील, ताई. जागा जाईल."

"वाच तू."

धाकटी वाचत गेली. ज्या निबंधात घरच्या नोंदी होत्या, तिथे ताई 'तिचा' म्हणे आणि धाकटी रेघ मारी. चौदा राहिले, अकरा राहिले. शेवटी आठ उरले. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"आता या काढलेल्या सगळ्यांवर लेखक म्हणून आईचं नाव पहिलं घाल. मग माझं." तिने धाकटीकडे पाहिलं. "बशीतलं मीठ कोण बदलायचं?"

"मी. शाळेतून आल्यावर."

"मग तिसरं तुझं."

"ताई, मी जन्मात काही लिहिलं नाही."

"तिनेही कुठे लिहिलं?"

तीन लेखक झाले की संदर्भात पहिलंच नाव छापतात, बाकीचे 'व इतर' होतात. धाकटीने ते तसंच टंकलं आणि चारला दहा मिनिटं असताना यादी पाठवून दिली. ताई डबा न उघडताच घरी गेली.

मग धाकटीने त्या एक्केचाळीस संदर्भयाद्या एकेक करून पुन्हा उघडल्या. प्रत्येकीत आडनाव आणि आद्याक्षरापुढे 'व इतर' असं स्वच्छ छापलेलं होतं. सकाळी ते तिथे होतं की नव्हतं, हे तिला शपथेवर सांगता आलं नसतं.