तिसरी सुई

यान देखुआनने हाडाची बारीक सुई डुकराच्या मांडीत खुपसली, फिरवली आणि बाहेर काढून नाकाशी धरली.

"पहिली ठीक."

त्याच्या बायकोने, मेइशूने, बोटावरची चरबी सुई निघताच भोकावर लिंपली होती. श्वानवेईच्या डोंगरात डुकराची खारवलेली मांडी तीन ठिकाणी टोचून हुंगल्याशिवाय कुणी कापत नाही, आणि पंचक्रोशीत हे काम चाळीस वर्षं यानच करत आला होता. तो हुंगायचा, ती भोक बुजवायची.

पण गेल्या हिवाळ्यातल्या तापानंतर त्याला कसलाच वास येत नव्हता. ना मिरचीचा, ना शेणाचा. हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. नुसता रंग बघून त्याने अकरा मांड्या चांगल्या ठरवल्या होत्या आणि कुणी आजारी पडेल या धास्तीत दिवस काढले होते.

ही मांडी उद्याच्या लग्नाची. वराकडचे पाहुणे ती खाणार होते. नवरीची आई, फू वहिनी, हात चोळत उभी होती.

"दुसरी ठीक."

मेइशूने भोक आधीच बुजवलं होतं.

तिसरी सुई खुब्याच्या सांध्यापाशी. मांडी नासते ती इथूनच. त्याने सुई हुंगली. काहीच नाही.

"काका, सुईला झोप लागली का?" नवरीचा मामा हसला.

"घाई असेल तर तू हुंग!"

'ठीक' अगदी ओठांवर आलं होतं. सवयीने त्याने बायकोच्या हाताकडे पाहिलं. बोटावर चरबी होती, पण हात भोकाकडे गेला नव्हता. ती खाली बघत होती.

म्हणजे हिला वास आला होता; हिला सगळं माहीत होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं. नुसतं 'खराब' म्हटलं असतं तरी अब्रू राहिली असती. त्याने सुई तिच्यापुढे धरली.

"तू घे."

"अहो, सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच."

तिने हुंगलं. "आतून नासलीये, वहिनी."

"मग काका का नाही बोलले?" फू वहिनीने विचारलं.

"मला हिवाळ्यापासून वास येत नाही," यान म्हणाला.

मामाचं हसू मावळलं. त्या अकरांतली एक मांडी त्याच्या घरची होती.

फू वहिनी आत गेली. दुसरी मांडी आणून तिने मेइशूच्या पुढ्यात ठेवली.

यान अजून नेहमीच्याच जागी उभा होता.

"अहो, सरका ना जरा," मेइशू म्हणाली. "उजेड अडतोय."